स्लो लोरिस चावल्यावर या चुका टाळा

स्लो लोरिस म्हणजे माकडाच्या दूरच्या नात्यातला छोटा, विषारी प्राणी. व्हिडिओत दिसतो तसा हात डोक्यावर नेलेला लोरिस गुदगुल्यांवर खूश झालेला नसतो. कोपराच्या आतल्या बाजूला त्याची ग्रंथी असते. तिथला स्राव चाटून तो लाळेत मिसळतो आणि चावताना जखमेत उतरवतो. हात वर म्हणजे तोंड ग्रंथीपाशी, म्हणजे हल्ल्याची तयारी. बचाव केंद्रात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे सांगतो, तरी व्हिडिओ पाहून आलेले हात पुढे करतातच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गोळी देऊन वाट बघणं. आमच्याकडे एका मुलीच्या बोटाला लोरिस चावला. दोन बारीक भोकं, रक्त थेंबभर. "काही नाही दादा, मांजर चावल्यासारखंच आहे," म्हणाली. कुणीतरी अ‍ॅलर्जीची गोळी दिली. पाच-सात मिनिटांत तळहात खाजायला लागले, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. दवाखान्यात न्यायचं म्हणून तिला गाडीकडे चालवत नेलं आणि ती दारातच कोसळली. मी पेटी घेऊन धावलो, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच अ‍ॅड्रेनलिनचं पेन (ठरलेला डोस भरलेलं तयार इंजेक्शन) टोचलं, तिला आडवं केलं, पाय उंच ठेवले.

गोळी खाज कमी करते. कोसळलेला रक्तदाब आणि आवळलेला घसा तिला आवरत नाही. अशा वेळी उभं करणं जिवावर बेततं. श्वास लागला असेल तर पाय पसरून बसवा, पण चालवू नका. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस. म्हणून मी दोन पेनं ठेवतो, आणि टोचल्याची वेळ मार्करनं रुग्णाच्या हातावरच लिहितो.

मलेशियातल्या सारावाकमध्ये २०१२ साली चावलेल्या एकाला असाच अ‍ॅनाफिलॅक्टिक शॉक (रक्तदाब कोसळवणारी जीवघेणी अ‍ॅलर्जी) बसला होता. तोही अ‍ॅड्रेनलिननं सावरला.

प्रतिविष शोधत बसू नका, ते नाहीच. जखम कापू नका, चोखू नका, वर घट्ट बांधू नका. जीव सावरला की साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. रेबीज, धनुर्वाताचं डॉक्टरांना विचारा.

विषातलं एक प्रथिन मांजराच्या अ‍ॅलर्जीला कारण असलेल्या प्रथिनाशी मिळतंजुळतं आहे. त्यामुळे मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्याला मी पिंजऱ्याजवळ जाऊच देत नाही. ती नसली म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

बरं वाटलं की घरी जायची घाई नको. काही तासांनी झटका परत येऊ शकतो. ती मुलगी दुपारीच निघायचं म्हणत होती, मी हट्टानं थांबवलं. संध्याकाळी गांधी पुन्हा उठल्या, पण तेव्हा ती वॉर्डात होती आणि सलाईन चालू होतं.