कयाकवर नेण्याचे सेल: या चुका टाळा

देवबागला कर्लीच्या खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन होतो. ओहोटी लागली, परत फिरायचं म्हणून हातातलं जीपीएस यंत्र बघितलं तर बॅटरी पूर्ण भरलेली. दहा मिनिटांनी पडदा काळा. सेल नवेकोरे होते, यूएसबीने चार्ज होणारे लिथियमचे, आणि त्यांच्यात खोट काहीच नव्हती.

अशा सेलच्या आत ३.७ व्होल्टची बॅटरी असते आणि एक छोटं सर्किट ते व्होल्टेज १.५ वर आणून ठेवतं, अगदी संपेपर्यंत. यंत्र व्होल्टेज बघूनच चार्ज ओळखतं. मग त्याला सेल भरलेलाच वाटणार! साधा अल्कलाइन सेल हळूहळू उतरतो, म्हणजे निदान आधी सांगून तरी जातो. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टच्या आसपास बराच वेळ टिकून राहतात, त्यामुळे यंत्र अल्कलाइनच्या सेटिंगवर असेल तर बॅटरी लवकरच अर्धी दिसू लागते. बहुतेक जीपीएसमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते, पण तिकडे कोणी फिरकत नाही. मी आता हे निकेलवाले रिचार्जेबलच वापरतो, आणि एकदाच वापरायच्या लिथियम पेन्सिल सेलची एक जोडी राखीव ठेवतो. ते वजनाला हलके, आणि वर्षानुवर्षं पडून राहिले तरी चालतात.

१४५०० लिहिलेला सेल मात्र यंत्राजवळही नेऊ नका. आकार पेन्सिल सेलचाच, पण व्होल्टेज ३.७. दोन सेलच्या यंत्रात तीनच्या जागी सात-आठ व्होल्ट गेले की ते जळालंच समजा.

पाण्यावर सेल बदलणं ही आणखी एक हौस. ओल्या बोटांवर खारं पाणी, रबरी रिंगवर वाळूचा एकच कण, आणि झाकण तर घट्ट बसल्यासारखं वाटतं. यंत्रावरची आयपीएक्स७ ही पाणी सोसण्याची खूण म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, तेही गोड्या पाण्यात केलेली चाचणी. सेल किनाऱ्यावरच बदला. राखीव सेल पिशवीत सुटे टाकू नका, किल्ल्यांना चिकटून किंवा खाऱ्या पाण्यात शॉर्ट होतात. छोट्या झाकणाच्या डबीत ठेवा.

पॉवरबँकवरचा २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टला हिशोबाने १४,८०० उरतात, आणि त्यातही थोडी गळती. काळ्या ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) मे महिन्याच्या उन्हात पॉवरबँक चार्जिंगला लावू नका. फोनचं पोर्ट ओलं असेल तर आधी वाळू द्या.

पावसाळ्यात कयाक बंद, तेव्हा हेडलॅम्पमधले अल्कलाइन सेल काढून ठेवा. मी विसरलो होतो. सप्टेंबरात झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर. तो सेलमधून गळलेल्या अल्कलीचा असतो, हाताला लागू देऊ नका. कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन पुसलं, मग गोड्या पाण्याचा हलका हात, आणि दिवसभर उघडं ठेवून वाळवलं. हेडलॅम्प पुन्हा लागला.