नेट बंद पडलं की होणाऱ्या चुका, आणि त्या कशा टाळाव्यात

नेट गेलं की पहिला हात राउटरच्या प्लगकडे जातो. प्लग काढून लावला की बऱ्याचदा सगळं सुरू होतं, आणि गोची तिथेच होते. राउटरचा लॉग, कोणाला कोणता आयपी पत्ता दिला त्याची यादी, एआरपी टेबल (कोणता आयपी पत्ता कोणत्या उपकरणाचा याची नोंद) हे सगळं साध्या राउटरमध्ये बहुधा रॅममध्ये असतं. वीज गेली की पुसलं जातं. बिघाड मात्र जागच्या जागी राहतो आणि दोन दिवसांनी पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हा राउटर बंद करायचाच असेल तर आधी दोन मिनिटं पाहून घ्या. लहान ऑफिसच्या नेटवर्कमधला जवळपास प्रत्येक बिघाड कुठेतरी खूण सोडतो.

दोन मिनिटांत काय पाहायचं

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (पत्ते वाटणारी यंत्रणा, सहसा राउटरमध्येच असते) उत्तरच आलेलं नाही, म्हणून संगणकाने स्वतःच एक पत्ता घेतला आहे. अशा वेळी ब्राउझर किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) तपासणं व्यर्थ आहे. केबल, स्विच (केबली एकत्र जोडणारा डबा), वाय-फायचा पासवर्ड, बंद असलेला डीएचसीपी किंवा त्याचा संपलेला पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा), बहुधा यांपैकी काहीतरी असणार.

पत्ता ठीक असेल तर तीन पिंग करा (पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक), आणि याच क्रमाने: आधी गेटवे, म्हणजे राउटर (उदाहरणार्थ १९२.१६८.१.१), मग बाहेरचा एखादा पत्ता (१.१.१.१ किंवा ८.८.८.८), मग एखाद्या साइटचं नाव. गेटवेच उत्तर देत नसेल तर गडबड तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये आहे. गेटवे देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर राउटर किंवा त्यापुढची लाइन. पत्ता चालतो पण नाव चालत नाही, तर डीएनएस. नेट 'गेलं' अशा कितीतरी तक्रारींत लाइन धडधाकट असते, फक्त डीएनएस मेलेला असतो. एकच अपवाद लक्षात ठेवा: काही राउटरांना पिंगला उत्तर न देण्याचं सेटिंग असतं. गेटवे गप्प आहे पण बाकी दोन्ही पिंग चालताहेत, तर बिघाड शोधत बसू नका.

रेंज वाढवायला लावलेला दुसरा राउटर

लहान नेटवर्कचा सर्वांत मोठा शत्रू हाच. मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही म्हणून कुणीतरी जुना राउटर आणतं, भिंतीतल्या जॅकमधून आलेली केबल त्याच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये खोचतं, आणि वाय-फाय दिसायला लागतं. त्या क्षणापासून नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर झाले. नव्याने जोडलेला संगणक पत्ता मागतो तेव्हा सहसा ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता घेतो. मग चार संगणकांना १९२.१६८.१ मालिकेतले पत्ते मिळतात, दोघांना १९२.१६८.० मधले. त्या दोघांचं नेट चालत नाही, प्रिंटर दिसत नाही, आणि बंद-चालू केल्यावर कधी चालतं, कधी नाही. दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आणखी मजा: सगळ्यांचंच नेट मधूनमधून अडखळतं.

खूण सोपी आहे. 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल'मध्ये 'डीएचसीपी सर्व्हर' अशी ओळ असते. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या संगणकांवर ती वेगळी दिसली की चोर सापडला. तो कुठे बसलाय हे शोधायला 'एआरपी मायनस ए' चालवून त्या पत्त्यासमोरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) बघा. त्याचे पहिले तीन बाइट बनवणारी कंपनी सांगतात. स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल तर त्याच्या मॅक टेबलमध्ये तो पत्ता नेमक्या कोणत्या पोर्टवर आहे तेही कळतं. अशा स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय) चालू करून ठेवलं तर हा प्रकार पुन्हा होतच नाही.

दुसरा राउटर लावायचाच असेल तर क्रम महत्त्वाचा. त्यात 'अॅक्सेस पॉइंट मोड' (फक्त वाय-फाय पुरवायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर तोच निवडा, काम संपलं. नसेल तर तो आधी नेटवर्कला न जोडता फक्त एका लॅपटॉपला जोडा. पहिल्यांदा त्याचा लॅन पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि त्याचा पूल १०० पासून सुरू होत असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा, वाय-फायचं नाव-पासवर्ड भरा, आणि डीएचसीपी सर्वांत शेवटी बंद करा. हे आधी केलंत तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि अर्ध्या सेटिंगवर राउटर हातातून निसटेल. मग लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५ सारखा पत्ता द्यावा लागतो. सगळं झाल्यावर मुख्य राउटरच्या लॅनमधून याच्या लॅनमध्ये केबल, आणि वॅन (बाहेरच्या लाइनचं) पोर्ट मोकळं.

घुसखोर राउटर काढल्यावरही काही संगणक चुकीचाच पत्ता धरून बसतात, कारण त्यांची जुनी लीज (पत्ता वापरायची मुदत) संपलेली नसते. त्यांच्यावर 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज' आणि मग 'स्लॅश रिन्यू' चालवा.

पूलच्या आत दिलेला पक्का पत्ता

प्रिंटरला हाताने १९२.१६८.१.१०५ दिला, आणि राउटरचा पूल १०० ते १९९. प्रिंटर रात्री बंद असतो. सकाळी एखादा फोन येतो, राउटर त्याला १०५ देऊन टाकतो, मग प्रिंटर चालू होतो. आता एकाच पत्त्यावर दोघं. छपाई मधूनच जाते, मधूनच अडकते, आणि लोक प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा टाकत बसतात. अशा वेळी 'एआरपी मायनस ए' थोड्या थोड्या वेळाने चालवून बघा. त्याच पत्त्यासमोर मॅक बदलत असेल तर निदान पक्कं.

पक्के पत्ते १० ते ४९ मध्ये आणि पूल १०० पासून, अशी विभागणी पहिल्या दिवशीच करून ठेवावी. त्याहून बरं म्हणजे राउटरमध्येच मॅकनुसार रिझर्व्हेशन (त्या मॅकला कायम तोच पत्ता) करणं. मग सगळी यादी एका जागी राहते. फोनसाठी मात्र हा उपाय भरवशाचा नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळा, बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे खोक्यावर छापलेला मॅक घालून केलेलं रिझर्व्हेशन लागूच होत नाही. मॅक फिल्टरचंही (ठरावीक मॅकनाच प्रवेश देण्याचं) तेच. तसाही तो सुरक्षेचा उपाय कधीच नव्हता, कारण मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो. पाहुण्यांची ये-जा जास्त असेल तर गेस्ट नेटवर्कची लीज एक-दोन तासांची ठेवा. चोवीस तासांच्या लीजने शंभर पत्त्यांचा पूल दुपारपर्यंत संपू शकतो, आणि मग संध्याकाळी आलेल्याला १६९.२५४.

केबलवर आंधळा विश्वास

'दिवा लागतोय म्हणजे केबल चांगली' हा समज फार वेळ खातो. १०० मेगाबिटची जोडणी आठपैकी चारच तारांवर चालते, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. पिन ४ किंवा ७ ची तार तुटली तर दिवा लागतो, नेट चालतं, फक्त जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. वेगाची चाचणी दर वेळी ९४-९५ मेगाबिटवरच अडकत असेल तर लाइन पुरवणाऱ्याशी भांडण्याआधी अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये लिंक स्पीड बघा. १००० ऐवजी १०० दिसेल.

यावर हमखास केला जाणारा चुकीचा उपाय म्हणजे अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पीड हाताने पक्का करणं. कॉपर केबलवरच्या गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन (दोन्ही बाजूंनी वेग आपसात ठरवणं) लागतंच. आणि एका बाजूला '१०० फुल' पक्कं केलं, दुसरी ऑटोवर राहिली, तर ऑटोवाल्या बाजूला समोरच्याचं डुप्लेक्स (दोन्हीकडून एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने) कळत नाही, ती हाफ, म्हणजे आळीपाळीचं, धरून चालते. पिंग छान चालतो, मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं रांगतं. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा आणि केबल बदला.

क्रिंपिंग करताना (केबलच्या टोकाला प्लग बसवताना) आठ तारा दोन्ही टोकांना सारख्याच क्रमाने लावल्या की झालं, असंही पुष्कळांना वाटतं. झालं नाही. पिन ३ आणि ६ वर एकाच पिळाची जोडी असायला हवी. क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मनाने ओळीने रंग लावले तर साध्या टेस्टरवर आठही दिवे नीट लागतात, पण वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा एका सिग्नलसाठी वापरल्या जातात आणि पिळाचा फायदाच उरत नाही. परिणाम म्हणजे क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळणं), चुकीची पॅकेट, लांब केबलवर वारंवार तुटणारी लिंक. पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. एकूण लांबीची मर्यादा १०० मीटर, पॅच कॉर्ड धरून. कॉपरचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर घेऊ नका. पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड लागल्यावर बंद पडत असेल तर पहिला संशय या वायरवर, आणि मग स्विचच्या एकूण वॉटवर घ्या.

लूप

टेबलाखाली लोंबणारी केबल दिसली म्हणून सफाई करताना कुणीतरी ती रिकाम्या पोर्टमध्ये लावतं. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. इथरनेटच्या फ्रेमला (केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला) आयुष्यमर्यादा नसते, त्यामुळे एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला निरोप) गरगर फिरत राहतो, दर फेरीला वाढतो, आणि काही सेकंदांत सगळं ठप्प. खूण: स्विचचे सगळे दिवे एका तालात, न थांबता लुकलुकतात. राउटर बंद-चालू करून इथे काहीही होत नाही. स्विचमधून एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती दोषी. साध्या स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून अडवणारी सोय) नसतं. मॅनेज्डमध्ये असतं, पण ते चालू आहे ना ते बघून घ्या.

काही साइट उघडतात, काही लटकतात

पिंग चालतो, सर्च चालतं, पण ठरावीक साइट किंवा व्हीपीएन (बाहेरून खासगी नेटवर्कला सुरक्षित जोडणारी वाट) अर्धवट उघडून थांबतं. इथे एमटीयूवर (एका पॅकेटच्या कमाल आकारावर) संशय घ्या. पीपीपीओई जोडणीत (राउटरमध्ये नाव-पासवर्ड भरून लाइन सुरू होते ती) आठ बाइट हेडरमध्ये जातात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. विंडोजवर पिंगला 'मायनस एफ मायनस एल १४७२' देऊन बाहेरच्या पत्त्यावर पाठवा. ते अडलं आणि १४६४ गेलं, तर मार्ग १४९२ चा आहे (२८ बाइट हेडरचे). राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ करा, एमएसएस क्लॅम्पिंगचा (पॅकेटचा आकार आपोआप मर्यादेत ठेवण्याचा) पर्याय असेल तर तोही चालू करा. आणि सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलमध्ये सगळं आयसीएमपी (पिंग आणि चुकांचे निरोप ज्यातून जातात ते) बंद करणं सोडा. 'पॅकेट मोठं आहे, लहान पाठव' हा निरोप त्यातूनच येतो.

सगळ्याच सुरक्षित साइटवर सर्टिफिकेटची चूक येत असेल तर आधी संगणकाची तारीख बघा. मदरबोर्डची बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं.

वाय-फायबद्दल थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ, याबाहेर जाऊ नका. ५ गिगाहर्ट्झवर डीएफएस चॅनेल (रडारही वापरतात असा) निवडला तर राउटर सुरू झाल्यावर किमान मिनिटभर रडारची चाहूल घेत गप्प बसतो. नेटवर्क दिसेना म्हणून त्याच मिनिटात लोक पुन्हा प्लग काढतात. पॉवर पूर्ण वाढवूनही फारसं साधत नाही: राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचतो, फोनचा राउटरपर्यंत नाही.

बाहेरून आत येण्याची वाट

घरून ऑफिसचा संगणक बघायचा म्हणून रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९ फॉरवर्ड करणं (बाहेरून थेट आत वाट देणं) ही चूक सर्वांत महागात पडते. पोर्टचा आकडा बदलून उपयोग नाही, कारण स्कॅनर सगळी पोर्ट तपासतात. पासवर्ड कितीही अवघड असो, २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या दोषाला जुन्या विंडोजवर लॉगिनची गरजच नव्हती. कॅमेऱ्यांचंही तसंच: २०१६ मधल्या मिराय या मालवेअरने साठेक ठरलेली नावं-पासवर्ड वापरून उपकरणांची फौज उभी केली. राउटरवर वायरगार्डसारखं व्हीपीएन लावा आणि बाहेरून तेवढं एकच यूडीपी पोर्ट उघडं ठेवा. ओळख न पटलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅनरला तिथे काही आहे हेही कळत नाही. यूपीएनपी बंद करा, नाहीतर आतलं कोणतंही उपकरण न विचारता पोर्ट उघडू शकतं. डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता वाय-फायला जोडण्याच्या सोयीचा) पिनही बंद करा. आठ अंकी दिसतो, पण दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक चेकसमचा (आधीच्या अंकांवरून काढलेला) असतो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो.

फॉरवर्डिंग किंवा व्हीपीएन सगळं बरोबर करूनही बाहेरून काहीच पोचत नसेल तर राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सेवा देणाऱ्याच्या सामाईक नॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता) आहात. राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी आयपीव्ही४ वर बाहेरून पोर्ट उघडणार नाही. सार्वजनिक पत्ता मागून घ्या, किंवा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला आतून जोडणारं व्हीपीएन उभं करा.

या बदलांना हात घालण्याआधी राउटरचं कॉन्फिगरेशन फाइलमध्ये काढून ठेवा. फर्मवेअर अपडेट वाय-फायवरून नाही, केबलवरून करा. ते चालू असताना दिवे विझले तरी दहा मिनिटं प्लगला हात लावू नका. आणि दूरच्या ऑफिसचा राउटर अपडेट करायचा असेल तर तिथे प्रत्यक्ष माणूस हजर असेल ती वेळ निवडा, शुक्रवारची संध्याकाळ नको.