क्लाउडवर गेलो, पण धंद्याला काय मिळालं? मोठ्या कंपन्यांनी या चुका टाळा

मोठ्या कंपनीत क्लाउडचं, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरऐवजी दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच स्लाइडवर. ‘मार्चअखेर ६० टक्के सर्व्हर क्लाउडवर’ असं तिथे लिहिलेलं असतं. सर्व्हर हलतात, आयटीवाल्यांना शाबासकी मिळते, आणि नवी योजना बाजारात आणायला पूर्वीइतकेच महिने लागतात. ती टक्केवारी खोडा. ‘नवा विमा प्लॅन सहा महिन्यांऐवजी सहा आठवड्यांत’ असं काहीतरी लिहा आणि पुढे त्या विभागाच्या प्रमुखाचं नाव टाका.

दुसऱ्याची दिशा उसनी घेणं

नेटफ्लिक्सचा दाखला सगळेच देतात, पण अर्धाच. ऑगस्ट २००८मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तेव्हा त्यांनी एडब्ल्यूएसची, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची वाट धरली. काम संपलं जानेवारी २०१६मध्ये! जुनं सामान जसंच्या तसं उचलून न नेता जवळपास सगळं नव्याने बांधलं, म्हणून एवढी वर्षं लागली. ड्रॉपबॉक्स नेमकी उलट्या वाटेने गेली. ग्राहकांच्या बहुतेक फायली तिने एडब्ल्यूएसवरून स्वतःच्या यंत्रणेवर आणल्या आणि दोन वर्षांत सुमारे ७.५ कोटी डॉलर वाचवले. २०१८ साली शेअर बाजारात उतरताना दाखल केलेल्या कागदपत्रांत तो हिशेब आहे. फायली साठवणं हाच जिचा धंदा, तिने साठवणीचं भाडं किती काळ भरायचं? दोघींचंही बरोबर होतं. आपल्या संचालक मंडळासमोर मात्र यातली एकच गोष्ट सांगितली जाते, आणि ती कुठली हे सल्लागार कोणाचा आहे त्यावर ठरतं.

बिल फुगलं, आता काय बघायचं?

आधी टेस्टिंगचे सर्व्हर बघा. आठवड्याचे तास १६८. सोमवार ते शुक्रवार रोज १२ तास काम धरलं तरी होतात ६०. उरलेले १०८ तास टॅक्सी दारात उभी आणि मीटर चालू. संध्याकाळी आपोआप बंद होण्याचं वेळापत्रक लावणं हे एका दुपारचं काम आहे.

मग येतात बेवारस सर्व्हर. ‘टेस्ट-२-न्यू-फायनल’ अशा नावाचा एक तरी प्रत्येक कंपनीत असतोच. तो कोणाचा हे कोणाला माहीत नसतं, आणि बंद करायची हिंमतही कोणी करत नाही. थेट डिलीट करू नका. आधी नुसता बंद करा आणि कोण ओरडतं ते पाहा. तिमाहीअखेरची बॅच, म्हणजे एकदम चालणारी हिशेबाची कामं, उलटून जाईपर्यंत थांबा. काही प्रोग्रॅम वर्षातून चारदाच जागे होतात. बंद सर्व्हरच्या डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं, हेही ध्यानात असू द्या. यापुढे विभाग, जबाबदार माणूस आणि बंद करायची तारीख हे टॅग असल्याशिवाय नवा सर्व्हर सुरूच होता कामा नये.

ही साफसफाई व्हायच्या आधीच सवलतीसाठी तीन वर्षांचा करार करणं ही महागातली चूक. उधळपट्टीच तीन वर्षांसाठी पक्की होते. त्याहून वाईट म्हणजे वरच्या मजल्यावर एखादा विभाग विकायची बोलणी चालू असतात आणि खाली आयटी त्याच विभागासाठी सही करत असतं. सहीआधी वित्त आणि नियोजनवाल्यांना एका खोलीत बसवा.

नियमवाल्यांना शेवटी बोलावणं

पेमेंटचा डेटा भारतातच साठवायचा, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८चा आदेश. मूळ डेटाबेस मुंबईत असतो, पण बॅकअप आणि लॉग (यंत्रणेच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) परदेशी केंद्रात जात असतात, आणि ते ऑडिटच्या तोंडावर उघडकीस येतं. आता निमित्तही उरलेलं नाही. मुंबईपाठोपाठ २०२२मध्ये एडब्ल्यूएसचं हैदराबाद केंद्र सुरू झालं आहे.

बॅकअपचं एक वेगळं. मे २०२४मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाचं गुगलवरचं खासगी क्लाउड पुसलं गेलं. उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता, एवढंच कारण. बॅकअप वेगळे ठेवले होते म्हणून निभावलं. तुमचे बॅकअप एकाच खात्यात असतील तर निदान एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे हलवा आणि ती परत उभी राहते का, हे करून पाहा. करार काढलाच आहे तर बाहेर पडण्याचं कलमही वाचा: डेटा कुठल्या स्वरूपात मिळेल, किती दिवसांत आणि तो नेण्याचे पैसे कोण भरणार?