तिखटाच्या पाकिटावर नाव छापण्याआधी

‘भिवापुरी तिखट’ हे नाव विकायला सोपं, पण ट्रेडमार्क म्हणून मिळणं कठीण. गाव आणि माल एवढंच सांगणारं नाव कायदा एकट्याच्या मालकीचं सहसा करत नाही. त्यात भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकनही आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं. ‘शुद्ध’, ‘गावरान’ असे मालाचं वर्णन करणारे शब्दही एकट्याला सहसा मिळत नाहीत. मालाशी संबंध नसलेला शब्द घ्या. पळसफूल चालेल, ‘झणझणीत’ नाही.

पाकिटं छापायच्या आधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घ्या, उच्चारानं सारखी नावंही तपासा. नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते: तिखट-मसाले वर्ग ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये. दोन्ही विकत असाल तर फी दुप्पट. ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये. बचत गट किंवा भागीदारी असेल तर उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) जोडा, नाहीतर ९,००० लागतात. उद्यम, फूड लायसन्स, ग्रामपंचायतीचा दाखला यांनी नाव सुरक्षित होतं, हा गैरसमज फार.

ट्रेडमार्क कार्यालयाकडून आक्षेपाचं पत्र आलं तर उत्तराला ३० दिवस. ते ईमेलवर येतं, म्हणून सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊ नका. नोंदणीपर्यंत फक्त ‘टीएम’ लिहा. वर्तुळातला ‘आर’ ही नोंदणी झाल्याची खूण, ती आधीच छापणं बेकायदा आहे. नाव कधीपासून वापरता याचा पुरावा म्हणून पहिल्या विक्रीची बिलं जपून ठेवा.