गाडीचं सस्पेन्शन सुधारताय? या चुका टाळा

स्विफ्ट घ्या, बलेनो घ्या, पोलो नाहीतर अल्ट्रोझ. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पिळ घेणारा आडवा दांडा) हीच मांडणी. वळणावर गाडी कमी झुकावी, स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळावी म्हणून स्प्रिंग, शॉकअप (स्प्रिंगचं डुलणं थांबवणारा), ब्रेस (सांगाडा ताठ ठेवणारी आडवी पट्टी), अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून झुकणं कमी करणारा दांडा) असं सगळं आणलं जातं, आणि महिन्याभरात गाडी खटखट वाजायला लागते. बहुतेक वेळा दोष पार्टचा नसतो. झिजलेल्या रबरावर नवा पार्ट चढवलेला असतो, नाहीतर तो चुकीच्या स्थितीत कसलेला असतो.

म्हणून आधी गाडीखाली जा. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा हात) मागच्या बुशपाशी (सांध्यातलं रबर) टॉमी (लोखंडी पहार) घालून रेटा. रबराला चीर दिसली किंवा आर्म सहज हलला, तर बाकीची खरेदी बाजूला ठेवून आधी तो बुश बदला. लिंक रॉड (अँटी-रोल बारचा जोडदांडा) आणि बॉल जॉइंटही (लोअर आर्मचा चाकाकडचा सांधा) असेच हलवून बघा. स्ट्रट खाली उतरलाच आहे तर वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग नवीन टाका. दोनदा मजुरी देण्यात अर्थ नाही.

चाकं लोंबकळताना बुश कसणं

ही चूक फार होते आणि फार उशिरा कळते. बोल्ट कसला की बुशच्या आतली नळी जागच्या जागी पकडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो रबर पिळून. गाडी लिफ्टवर असताना, चाकं खाली लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबराची मोकळी स्थिती तीच ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर चोवीस तास पिळलेलं. मग गाडी किंचित उंच बसते, स्पीडब्रेकरवर करकरते आणि काही हजार किलोमीटरमध्ये नवाकोरा बुश फाटतो. शिव्या मात्र बुश बनवणारा खातो.

काम सुरू करण्याआधी सपाट जमिनीवर चारही चाकांच्या केंद्रापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. समजा पुढे ३७० मिमी भरलं आणि नव्या स्प्रिंगनं गाडी २५ मिमी खाली येणार आहे, तर तुमचा आकडा ३४५. सगळे बोल्ट आधी नुसते हातानं बसवा. मग बॉल जॉइंटखाली जॅक लावून ते अंतर ३४५ होईपर्यंत आर्म वर घ्या आणि तिथेच टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं कसणारा पाना), त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला कसा. जॅकनं गाडीच स्टँडवरून उचलली जायला लागली तर थांबा; गाडी चाकांवर उभी राहते असा अलाइनमेंटचा (चाकांचे कोन जुळवण्याचा) रॅम्प गाठा आणि शेवटचं कसणं तिथे करा. मागच्या बीमच्या दोन बुशनाही हेच लागू, आणि ते हमखास विसरले जातात.

स्प्रिंगशी खेळ

गाडी खाली यावी म्हणून सहा चालू (दबणाऱ्या) वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग ६/५ पट, म्हणजे २० टक्के कडक होते. हिशोब बरोबर, पण कापलेलं टोक बशीत (स्प्रिंगच्या बैठकीत) बसत नाही आणि गाडी जॅकवर घेतली की सैल स्प्रिंग जागा सोडते. वेढ्यांत घालायचे रबरी बफर हा उलट्या दिशेचा तोच प्रकार. ते एक-दोन वेढे निकामी करतात, गाडी उचलतात, आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर टाकतात. गाडी खाली घासते म्हणून बफर घालण्यापेक्षा बसलेली स्प्रिंग बदला.

कडक स्प्रिंगला जुना शॉकअप पुरत नाही. इथलं नातं वर्गमुळाचं आहे: स्प्रिंग ४४ टक्के कडक केली तर शॉकअपचा रोध साधारण २० टक्के वाढायला हवा. नाहीतर गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते. स्ट्रटचा वरचा नट कसताना इम्पॅक्ट गन वापरू नका. शॉकअपचा दांडा गरगर फिरतो आणि सील जातं. दांडा ॲलन कीनं धरून पान्यानं कसा. आणि स्प्रिंग कंप्रेसरनं दाबल्याशिवाय हा नट कधीच सोडू नका, जीव जाऊ शकतो.

२५-३० मिमीपेक्षा खाली जायचा मोह आवरा. मॅकफर्सनमध्ये गाडी जेवढी खाली येते त्याहून जास्त तिचं रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) उतरतं. लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकाच्या वर गेलं असेल, तर कडक स्प्रिंग घालूनही झुकणं म्हणावं तितकं कमी होत नाही. शिवाय इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावात रातोरात उगवणाऱ्यांना माप नसतं.

ब्रेस कुठे लावायचा

बॉनेट उघडलं की दिसतो म्हणून वरचा स्ट्रट ब्रेस आधी घेतला जातो. जोर कुठे येतो ते बघा. बॉल जॉइंट जमिनीपासून २० सेंमीवर आणि स्ट्रटचं वरचं टोक ८० सेंमीवर धरा. वळणावर टायरवर १०० किलोचा आडवा जोर आला, तर लोअर आर्मवर सुमारे १३३ किलो जातो आणि वरच्या टोकावर उलट दिशेनं फक्त ३३. म्हणून दोन्ही आर्मच्या बैठका जोडणारा खालचा ब्रेस आधी. वरचा घ्यायचाच असेल तर एकसंध घ्या. दोन टोकांना बिजागरीसारखे बोल्ट असलेला ब्रेस फक्त ओढ आणि दाब घेतो, पीळ घेत नाही. तो गाडी चाकांवर उभी असताना बसवा. आणि वेल्डिंग करून पट्ट्या जोडू नका: हाय-स्ट्रेंग्थ पत्रा तापला की सांध्याजवळ मऊ पडतो, आणि गाडीत मूळ स्वरूपापेक्षा बदल केला म्हणून मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आडवं येतं.

अँटी-रोल बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. भरीव बार २० चा २२ मिमी केला की ४६ टक्के फरक. पुढून ओढणाऱ्या गाडीत मागचा बार फार कडक केलात, तर पावसात आंबोली घाट उतरताना वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू बाहेर येते. एका वेळी एकच पायरी चढा.

आवाज आणि ओढ

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टंग' आलं तर स्ट्रटचं बेअरिंग किंवा बशीत नीट न बसलेलं स्प्रिंगचं टोक. बारीक खड्ड्यांवर हळू जाताना खटखट म्हणजे लिंक रॉड. ब्रेक मारताना एकच 'ठक' आला तर लोअर आर्मचा बोल्ट सैल आहे, गाडी तिथेच उभी करा. एका बाजूला ओढत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा (टायरवर फिरण्याची दिशा दिलेली नसेल तर). ओढही बाजू बदलली तर दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही.

टायर आतून खात असेल तर लोक कॅम्बरला (चाकाचा आत-बाहेर कल) दोष देतात. बहुधा टो (वरून बघता चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) बिघडलेला असतो, कारण गाडी खाली आली की टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाक वळवणारा दांडा) कोनही बदलतो. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागा. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. कसलेल्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या पेंटची रेघ मारा आणि ५०० किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन बघा, रेघ तुटली आहे का.