मेंदूला मार लागलेल्या रुग्णाची घरी काळजी कशी घ्यावी

मेंदूला गंभीर मार लागलेला रुग्ण घरी येतो तेव्हा जिवावरचे संकट बहुधा टळलेले असते. परंतु पुढच्या महिन्यांत उद्भवणाऱ्या अनेक शारीरिक तक्रारी त्याला स्वतःला सांगता येत नाहीत, त्यामुळे त्या ओळखण्याची जबाबदारी शुश्रूषा करणाऱ्यावर येते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर 2 तासांनी बदलावी, आणि हवेची गादी असली तरी यात खंड पडू देऊ नये. माकडहाड, टाचा, घोटे आणि डोक्याची मागची बाजू रोज चांगल्या उजेडात पाहावी. दाबल्यावरही फिका न पडणारा लालसर किंवा काळपट डाग दिसल्यास तेथे चोळू नये. त्या जागेवरचा भार काढून डॉक्टरांना कळवावे.

सर्वांत अधिक दक्षता गिळण्याबाबत हवी. मेंदूच्या दुखापतीनंतर घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरले तरी ठसका लागेलच असे नाही, आणि त्यातूनच पुढे न्यूमोनिया होतो. पातळ पदार्थ घशातून वेगाने सरकत असल्याने पाणी आणि चहा हे दाट पेजेपेक्षा अनेकदा जास्त धोक्याचे ठरतात. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत, मायेपोटीसुद्धा, चमचाभर पाणी तोंडात घालू नये. नळीवाटे अन्न देताना डोक्याकडची बाजू किमान 30 अंश उंच ठेवावी आणि नंतरही निदान अर्धा तास रुग्णाला आडवे करू नये. जेवणानंतर आवाज घरघरू लागला, ताप आला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आखडलेले सांधे फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे सावकाश हलवावेत. लुळ्या बाजूचा हात धरून रुग्णाला कधीही ओढू नये. खुबा, कोपर किंवा गुडघा गरम होऊन सुजल्यास सांध्याभोवती नवे हाड तयार होत असण्याची शक्यता असते. एकाच पायाची पोटरी सुजली, तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. या दोन्ही स्थितींत तपासणीपूर्वी मालीश करणे धोक्याचे आहे.

झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात काहीही घालू नये आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. झटका 5 मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आला, तर महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटक्यांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

एक तक्रार मात्र हमखास नजरेआड होते. सुधारत असलेला रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा सुस्त होतो, चालताना अडखळतो, कपड्यात लघवी करू लागतो, आणि घरचे समजतात की तो मनाने खचला आहे. प्रत्यक्षात मेंदूतील पोकळ्यांत पाणी साठलेले असू शकते, ज्यावर शस्त्रक्रियेने उपाय करता येतो. त्यामुळे अशी पीछेहाट दिसताच न्यूरोसर्जनला भेटून सीटी स्कॅनबद्दल विचारावे आणि ती कोणत्या तारखेपासून जाणवली, हे लिहून सोबत न्यावे.