बिगरहंगामी फुलं घेताय? रात्रीच्या या चुका टाळा

शेवंतीची उंची भरली, कळीची वेळ होऊन गेली, तरी शेंडा नुसती पानंच काढतोय. अशा वेळी बहुतेक जण आधी खत बदलतात. त्याआधी रात्री, झाडांना अंधार मिळावा म्हणून त्यांच्यावर ओढलेल्या काळ्या कापडाच्या आत जाऊन उभे राहा आणि डोळे सरावले की उजेड कुठून येतोय ते शोधा.

शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो यांना आपण ‘लहान दिवसाची’ झाडं म्हणतो, पण त्यांना खरी गरज असते ती सलग मोठ्या रात्रीची. हॅमनर आणि बॉनर या संशोधकांनी 1938 मध्ये एका तणाच्या झाडावर दाखवून दिलं की दिवसात मधेच अंधार केला तरी काही बिघडत नाही, पण लांब रात्रीत मिनिटभर उजेड पडला तरी फुलं येत नाहीत. त्यामुळे कापडाची फाटकी शिवण किंवा कुंपणाबाहेरचा दिवा किरकोळ समजू नका. शेंड्यावर एकच कळी अडकलेली, तिच्याखाली पट्टीसारखी अरुंद पानं आणि बाजूचे फुटवे तिला मागे टाकून वर निघालेले दिसले, तर अंधार अपुरा पडला किंवा मधेच तुटला, असं समजा. कळ्यांना रंग दिसेपर्यंत सुट्टीच्या दिवशीही कापड ओढायलाच हवं.

दुसरी चूक उष्णतेची, आणि तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. भर उन्हाळ्यात संध्याकाळी पाचलाच कापड ओढलं की आतली हवा तापते. रात्रीचं तापमान बराच काळ 27-28 अंशांच्या वर राहिलं तर अंधार पुरेसा असूनही कळी उशिरा येते. सातच्या सुमारास झाका, सकाळी आठला उघडा. तेरा तास शेवंतीला पुरतात.

फुलं उशिरा हवी असतील तर उलट करायचं: रात्री दहा ते दोन दिवे लावायचे. झाडाच्या शेंड्याशी साधारण 100 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. मोजताना दिव्याखाली नाही, दोन दिव्यांच्या मधोमध आणि कोपऱ्यात मोजा, कारण अवेळी कळ्या आधी तिथेच दिसतात. तांबडा प्रकाश सगळ्यात परिणामकारक, नुसता निळसर एलईडी भरवशाचा नाही. वीज जाऊन आली की साधा टायमर तेवढाच मागे पडतो आणि दिवे पहाटेकडे सरकतात. घड्याळ रोज ताडून पाहा.

तारखेचा हिशेब मात्र उलटा, फुलं हवी त्या दिवसापासून मागे मोजत मांडा. बऱ्याच जातींना मोठी रात्र सुरू झाल्यापासून फुलायला 8 ते 10 आठवडे लागतात, पण नेमका आकडा रोपं घेतानाच विचारून ठेवा. दिवे घाईने बंद केले तर दांडा आखूड राहतो, आणि ते नंतर कशानेही भरून निघत नाही.

ट्युलिपसारख्या कंदांचं गणित वेगळं, तिथे थंडी मोजायची. त्यांचे 12 ते 16 आठवडे शीतगृहात जातात. तिथे पिकती फळं ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतच मरते.